यंत्रातले भूत आणि यंत्रामागचा माणूस

गेल्या महिन्यातील एका रविवारी पहिला मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली लगबगीने आमच्याजवळ आल्या. चेहरा ओढलेला, डोळे जागरणाने लाल झालेले. "तुम्ही चार पुस्तके वाचता, साप्ताहिकात लिहिता, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या चार रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. दिवा मालवला की किंचाळतो. आतेभावाने मोबाइलवर त्याला कुठलीशी गोष्ट ऐकविली. एका खेळात म्हणे बुडून मेलेल्या पोराचे भूत कोंडलेले आहे, आणि तो खेळ जो उघडील त्याच्या मागे ते लागते. आता फादरांना बोलावून घरात पवित्र पाणी शिंपडून घ्यावे, की तो मोबाइलच पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचावा?"

आम्ही त्यांस धीर दिला व सहज विचारले की, थोरला तर शहरात अशाच खेळांच्या कंपनीत नोकरीला आहे ना? मग खरेखोटे त्याच्याकडूनच का करून घेत नाही? त्यावर त्या म्हणाल्या, "त्याला कुठला वेळ? दोन महिने झाले, रात्री एक-दोन वाजल्याशिवाय कचेरीतून सुटत नाही. रविवारीसुद्धा बोलावतात. मिस्सा नाही, जेवणाची शुद्ध नाही. फोन केला तर 'आई, नंतर बोलतो' एवढेच. पण करणार काय? नोकरी म्हटली की हे आलेच."

वाचकहो, धाकट्याची हकीकत सांगताना त्या माउलींचा कंठ दाटून आला होता. थोरल्याची हकीकत मात्र त्यांनी पदर सावरता सावरता, एका दमात सांगून टाकली. ह्या दोन सांगण्यांतील अंतर काही केल्या आमच्या मनातून जाईना. घरी येऊन आम्ही ह्या 'खेळांतील भुतां'चा थोडा शोध घेतला, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

भुतांचे स्थलांतर

आमच्या बालपणी भुतांचे पत्ते ठरलेले असत. मुंजा पिंपळावर, आसरा डोहात, चकवा शेताच्या बांधावर. आणि गोव्याकडील सोयरे आले की ते गावाच्या वेशीवरील देवचाराची गोष्ट सांगत. पुढे विजेचे दिवे आले, विहिरींवर पंप बसले, पिंपळाखालून डांबरी सडक गेली, आणि ही मंडळी बेघर झाली. पण माणसाच्या मनातील भय कोठे बेघर होते? त्याने नवी जागा शोधली, आणि ती जागा म्हणजे पडद्यावरचे खेळ.

धाकट्याने ऐकलेली गोष्ट आम्हांस लगेच सापडली. २०१० साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने ती हप्त्याहप्त्याने लिहून संगणकाच्या जाळ्यावर प्रसिद्ध केली. निंटेंडो ह्या जपानी कंपनीने २००० साली काढलेला झेल्डा-मालिकेतील एक खेळ जुन्या सामानाच्या विक्रीत एका म्हाताऱ्याकडून आपण घेतला, त्यात 'बेन' नावाच्या कुणा मुलाने खेळून ठेवलेला डाव होता, आणि तो पुसून टाकला तरी बेन काही आपली पाठ सोडीना, असे त्याने लिहिले. जोडीला पडद्याची हलती चित्रेही दाखविली. ती चित्रे त्याने स्वतः खटपट करून तयार केलेली होती. पुढे ही सारी आपण रचलेली कल्पित कथा आहे, हे त्या लेखकाने उघडपणे सांगून टाकले. थोडक्यात, आपल्या विहिरीतला तोच जुना बुडालेला पोर, फक्त विहिरीच्या जागी प्लॅस्टिकची डबी आली.

दुसरी आख्यायिका अमेरिकेतील पोर्टलंड शहराची. १९८१ साली तेथील खेळघरांत 'पॉलिबियस' नावाचे एक काळे यंत्र प्रकट झाले, ते खेळणारी मुले वेडीपिशी झाली, काळ्या पोशाखातील माणसे येऊन यंत्रातून काही टिपणे काढून नेत, आणि एके दिवशी यंत्र जसे आले तसे नाहीसे झाले, अशी ती गोष्ट. असे यंत्र आजवर कोणालाही सापडलेले नाही. १९८१ सालच्या कोणत्याही वर्तमानपत्रात त्याचे नाव नाही. गोष्ट लिहिली गेली ती २००० सालच्या सुमारास, आणि 'गेमप्रो' ह्या खेळांच्या मासिकात २००३ साली तिचा उल्लेख आल्यावर ती जगभर पसरली. गंमत अशी की, पॉलिबियस हे एका ग्रीक इतिहासकाराचे नाव. आणि इतिहास लिहिणाऱ्याने ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस विचारल्याखेरीज लिहू नये, हाच त्याचा आग्रह!

आता कोणी म्हणेल, अग्नीवाचून धूर कसा? अग्नी होता, पण तो वेगळा होता. १९८१ च्या नोव्हेंबर महिन्यात पोर्टलंडच्या एका खेळघरात बारा वर्षांचा एक मुलगा विक्रम करण्याच्या ईर्षेने 'ॲस्टेरॉइड्स' नावाचा खेळ सतत अठ्ठावीस तास खेळला आणि पोट बिघडून आजारी पडला. त्याच दिवशी त्याच ठिकाणी दुसऱ्या एकास खेळता खेळता असह्य अर्धशिशी उठली. त्यानंतर काही दिवसांतच यंत्रांच्या आडून जुगार चालतो ह्या संशयावरून सरकारी अधिकाऱ्यांनी खेळघरांवर छापे घातले. थकलेला मुलगा, दुखणारे डोके आणि झडतीला आलेले अंमलदार, ह्या तीन खऱ्या गोष्टींस लोकांच्या आठवणीने वीस वर्षे शिजविले, आणि त्यातून सैतानी यंत्र बाहेर आले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

तिसरे उदाहरण जपानचे. तेथे १९९६ साली निघालेल्या 'पोकेमॉन' ह्या खेळातील एका गावाचे संगीत ऐकून मुलांनी जीव दिले, अशी वदंता पुढे पसरली. ती निखालस खोटी आहे. परंतु १६ डिसेंबर १९९७ रोजी त्याच नावाच्या चित्रमालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर चालू असता तांबडा व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला, आणि सहाशेहून अधिक मुलांस चक्कर, उलट्या किंवा फेफऱ्यासारखे झटके येऊन इस्पितळात न्यावे लागले, हे मात्र खरे आहे. ते भूत नव्हे. काही थोड्या मुलांच्या मेंदूस लखलखता प्रकाश सोसत नाही, हे वैद्यकास ठाऊक आहे. आणि त्या प्रसंगानंतर जपानने चित्रवाणीसाठी प्रकाशाचे नियमही केले. म्हणून आईबापांनी ध्यानात ठेवावे की, पडदा अंधाऱ्या खोलीत पाहू देऊ नये, अगदी जवळून पाहू देऊ नये, आणि कोणा मुलाचे हातपाय झटकू लागले तर मांत्रिकाकडे न धावता दवाखान्याकडे धावावे.

भुताचा आवाज कोणाचा?

आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९९४ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात एका लहानशा कंपनीने 'डूम' नावाच्या खेळाचा दुसरा भाग काढला. त्याच्या शेवटच्या टप्प्यावर भिंतीएवढे एक राक्षसी मुंडके आहे, आणि तेथे पोचताच कुठल्याशा अगम्य भाषेत एक घोगरा आवाज घुमतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असाच तो आहे. पण तो आवाज उलटा फिरवून ऐकला तेव्हा उलगडा झाला. खेळाच्या कर्त्यांपैकी एक, जॉन रोमेरो, त्यात सांगत होता की, हा खेळ जिंकायचा तर मला ठार केले पाहिजे! घडले असे होते की, त्याच्या सोबत्यांनी थट्टेने त्याच्याच डोक्याचे चित्र त्या राक्षसाच्या आत खांबावर लावून ठेविले होते. ते त्याच्या नजरेस पडले. तेव्हा रागावण्याऐवजी त्याने स्वतःचाच आवाज भरून, वेडावाकडा करून, राक्षसाच्या तोंडी घातला.

सैतानाचा म्हणून ज्याची भीती वाटावी, तो आवाज अखेर त्या खेळावर राबणाऱ्या एका जिवंत माणसाचाच निघाला. ही थट्टेतील गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटली. कारण, ह्या धंद्याविषयीच्या ज्या अलीकडच्या भयकथा आम्ही चाळल्या, त्यांतही यंत्र उघडले की आत माणूसच सापडतो.

२०१८ च्या डिसेंबरात 'बँडरस्नॅच' नावाची एक इंग्रजी चित्रकथा निघाली. ती लहानांनी पाहावी अशी नाही, हे प्रथमच सांगतो. कथा १९८४ सालच्या लंडनची. स्टीफन नावाचा तरुण एका खेळ-कंपनीसाठी एकट्याने खेळ रचावयास बसतो. आई लहानपणीच आगगाडीच्या अपघातात गेलेली. तिला आपल्यामुळे उशीर झाला ही खंत त्याच्या मनात घर करून आहे. तशात मालकाचा तगादा, की खेळ नाताळच्या बाजारात आलाच पाहिजे. झोप तुटते, औषध सुटते, बापाशी बोलणे खुंटते, आणि हळूहळू त्यास वाटू लागते की, आपले हात आपले नाहीत. दुसरेच कोणी आपल्याकडून सारे करवून घेत आहे. चमत्कार असा की, ते खरेच असते! कारण स्टीफनने पुढे काय करावे हे ती चित्रकथा पाहणारा प्रेक्षकच कळ दाबून ठरवीत असे. न्याहारीला काय खावे येथपासून ते थेट हत्या करावी की नाही येथपर्यंत.

हे नाव मात्र लेखकाने हवेतून आणलेले नाही. लिव्हरपूल शहरातील 'इमॅजिन' नावाच्या कंपनीने खरोखरच 'बँडरस्नॅच' नावाच्या अचाट खेळाची दवंडी पिटली होती. तो पुरा होण्यापूर्वीच, १९८४ च्या जुलै महिन्यात, कंपनीचे दिवाळे निघाले. आणि ते निघत असता बी.बी.सी.चे छायाचित्रक त्याच कचेरीत हजर होते!

दुसरी कथा तर खेळाच्याच रूपाने सांगितलेली आहे. डॅनियल मलिन्स ह्या कॅनडातील खेळकर्त्याने २०२१ साली 'इन्स्क्रिप्शन' नावाचा खेळ काढला. त्यात पत्ते जमविणारा एक तरुण रानात पुरलेली पेटी उकरून काढतो. पेटीत जुनी फ्लॉपी, फ्लॉपीत एक अर्धवट खेळ, आणि खेळात काही अमंगळ असे दडलेले. ज्या कंपनीचा तो खेळ असतो, ती तो परत मिळविण्यासाठी कोणत्याही थरास जाते, आणि त्या कंपनीत काम करणारी एक स्त्री पूर्वीच आगीत मरण पावलेली असते. कथेत पिशाच्च आहे हे खरे. पण वाचकहो, थंड डोक्याने माणूस मारणारी आहे ती कंपनी. पिशाच्चाचा पत्ता फ्लॉपीतला असला, तरी पापाचा पत्ता कचेरीतलाच आहे.

पुरलेले आणि उकरलेले

मनी वसे ते स्वप्नी दिसे. ह्या धंद्यातील माणसांस अशीच स्वप्ने का पडावीत, हे कळण्यासाठी त्या धंद्याच्या तीन खऱ्या हकीकती पाहू.

पहिली वॉरेन रॉबिनेट ह्या गृहस्थाची. १९८० च्या सुमारास त्याने अटारी कंपनीसाठी 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ एकट्याने रचला. खेळावर कर्त्याचे नाव घालावयाचे नाही, अशी त्या काळी कंपनीची शिस्त होती. रॉबिनेटने गुपचूप खेळाच्या आत एक चोरखोली केली व तेथे आपले नाव लिहून ठेविले. तिच्यात शिरण्यासाठी आधी नजरेस पडेल न पडेल असा एक राखाडी ठिपका शोधून उचलावा लागे. हे त्याने वरिष्ठांस सांगितले नाही, आणि तो नोकरी सोडून निघून गेला. पुढे अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी ह्या गावच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने ती खोली शोधून काढली व कंपनीस पत्र लिहून कळविले. ईस्टरच्या दिवशी मुलांनी शोधावीत म्हणून अंडी दडवून ठेवतात, त्यावरून अशा दडविलेल्या गोष्टींस त्या धंद्यात 'ईस्टर एग' हे नाव तेव्हापासून पडले. बंद खोली, आत एका अदृश्य माणसाचे नाव, आणि ते शोधणारा मुलगा: भुताच्या गोष्टीस लागणारे सारे साहित्य येथे आहे. फक्त भूत नाही. ज्याचे श्रम घेतले पण नाव पुसले, असा एक कामकरी आहे.

दुसरी हकीकत हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्याची. 'ई.टी.' ह्या गाजलेल्या चित्रपटावरून खेळ करण्याचे काम अटारीने १९८२ च्या उन्हाळ्यात त्यास दिले. एरवी ज्याला कित्येक महिने लागत, ते काम त्यास सुमारे पाच आठवड्यांत संपवावयाचे होते. कारण तेच, नाताळचा बाजार. त्याने घरीही यंत्र बसवून घेतले व रात्रीचा दिवस करून काम वेळेवर दिले. खेळ लोकांस आवडला नाही, लक्षावधी डब्या पडून राहिल्या, आणि कंपनीस जबर तोटा झाला. १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिको प्रांतातील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात ट्रकच्या ट्रक माल पुरून वर काँक्रीट ओतण्यात आले. पुढे तीस वर्षे ही गोष्ट दंतकथेसारखी लोक सांगत राहिले. २६ एप्रिल २०१४ रोजी तो उकिरडा खणला, तेव्हा त्या डब्या खरोखरच वर आल्या. स्वतः वॉर्शॉ तेथे उभा होता. त्याने तोवर धंदा बदलला होता. तो मनाच्या दुखण्यांवर उपचार करणारा समुपदेशक झाला होता, आणि संगणकाच्या धंद्यात पिचलेली माणसे त्याच्याकडे येत. ज्याचे श्रम मातीत पुरले, तो मनुष्य दुसऱ्यांच्या मनात पुरलेले दुःख उकरून हलके करू लागला. कृपा कोणत्या वाटेने येईल, हे आपण काय सांगावे!

तिसरी हकीकत एका वाग्दत्त वधूची. २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका तरुणीने नाव न देता एक जाहीर पत्र लिहिले. तिचा भावी पती 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' ह्या मोठ्या खेळ-कंपनीत होता. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस काम. जादा वेळेचे वेतन नाही. आणि घरी परत येतो तो डोके दुखणारा, पोट बिघडलेला मनुष्य. त्या कंपनीतील कामकरी न्यायालयात गेले, व २००५ आणि २००६ साली झालेल्या दोन तडजोडींत मिळून कंपनीने सुमारे तीन कोटी डॉलर देऊ केले. बाकी राक्षस सोडा; एवढ्या मोठ्या कंपनीस जाग आणली ती कोणा मांत्रिकाने नव्हे, तर घरी वाट पाहणाऱ्या एका स्त्रीने. जादा वेतनाचा आकडा कागदावर मांडता येतो. परंतु ज्या संध्याकाळी त्या घरांतून हरवल्या, त्यांचा आकडा कोण मांडणार?

ख्रिस्तसभा काय सांगते?

येथे कोणी आम्हांस विचारील, म्हणजे सैतान नाहीच, असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. सैतान आहे, हे आपल्या श्रद्धेचे सांगणे आहे. परंतु तोही एक निर्मिलेला जीव आहे. त्याची सत्ता परमेश्वराच्या सत्तेसारखी अमर्याद नाही. तो भुरळ घालू शकतो, परंतु आपल्या होकारावाचून आपल्याकडून पाप करवू शकत नाही. परमेश्वराने माणसास इच्छास्वातंत्र्य दिले आहे, आणि भय, सवय किंवा थकवा ह्यांनी ते दुबळे झाले तरी ते दुसऱ्याच्या हातातील कळ होत नाही. बिचाऱ्या स्टीफनला जे वाटले, ते म्हणूनच भयंकर आहे. आपली कळ दुसऱ्याच्या हाती आहे असे ज्यास एकदा वाटले, तो पाप झाल्यावर पश्चात्ताप तरी कशाचा करील? प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आपण 'माझ्या हातून घडले' असे म्हणतो. त्या शब्दांत शरम आहे, तसा माणसाचा मोठेपणाही आहे.

ख्रिस्तसभा भुताटकीच्या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ सावध आहे. भूत उतरविण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूस करता येत नाही, असा १९८३ च्या धर्मकायद्याचा दंडक आहे. आणि समोरचे दुखणे वैद्यकाचे तर नव्हे ना, ह्याची आधी खात्री करावी, अशी तिची शिकवण आहे. पवित्र पाणी अवश्य शिंपडावे, ते आपल्या बाप्तिस्म्याची आठवण आहे. पण त्याने मोबाइलमधील कल्पित कथा पळून जाईल, अशा समजुतीने शिंपडले तर आपणही मांत्रिकाच्याच ओळीत जाऊन बसलो.

आता थोरल्याच्या प्रश्नाकडे वळू. पॉलिबियसच्या कल्पित यंत्राचे जे साल सांगतात, त्याच १९८१ च्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी माणसाच्या श्रमांविषयी एक परिपत्रक काढले. त्याचे सार आमच्या शब्दांत सांगावयाचे तर, काम माणसाकरिता आहे. माणूस कामाच्या तोंडी देण्याकरिता नाही. शब्बाथाविषयी प्रभूने परुश्यांस जे सुनावले, त्याचाच हा प्रतिध्वनी. तत्पूर्वी, १९५५ साली, बाराव्या पायस पोपमहोदयांनी मे महिन्याची पहिली तारीख कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिली होती. नाझरेथच्या त्या सुतारशाळेत काम होते, घाम होता, गिऱ्हाइकाचा तगादाही असेल. पण शब्बाथाच्या दिवशी रंधा खाली ठेविला जात होता. आणि याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्या मजुरांच्या अडवून ठेविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोचल्याचे सांगितले आहे. तो आक्रोश काचेच्या इमारतीतून उठला तर देवाच्या कानी पोचत नाही, असे थोडेच आहे?

धंदा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. खेळ रचणे हे कष्टाचे व कल्पकतेचे काम आहे. सुताराला पाट करताना होतो तो आनंद त्यातही असावा. भयकथाही पाप नव्हे. परंतु ज्या कामाने माणसाचा रविवार, त्याची झोप आणि घरच्यांशी दोन शब्द बोलण्याची सवड, ही तिन्ही गिळली, त्या कामाने त्यास झपाटले आहे, असे म्हणावयास आम्ही कचरणार नाही. आणि 'नोकरी म्हटली की हे आलेच' हा त्या झपाटण्याचा मंत्र आहे. तो घरातील माणसांनीच म्हणू नये.

माउलींस आम्ही काय सांगितले

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. धाकट्यास जवळ बसवून त्या गोष्टीचा कर्ता कोण, चित्रे त्याने कशी तयार केली, आणि ती रचलेली असल्याचे त्याने स्वतःच कसे कबूल केले, हे सांगितले. पोर हुशार, त्याने विचारले, "मग लोक अजून का घाबरतात?" आम्ही म्हटले, "बाळ, अंधारात एकट्याने ऐकतात म्हणून." तेव्हा माउलींस तीन गोष्टी सांगितल्या: मोबाइल रात्री मुलाच्या उशाशी नको, भीती वाटली तर तिला हसू नका, पुरती ऐकून घ्या, आणि राखणदार देवदूताची प्रार्थना त्याच्याकडून म्हणवून न घेता त्याच्यासंगे म्हणा. मोबाइल ठेचण्याचे कारण नाही. वरवंटा चटणीसाठी राहू द्यावा.

मग आम्ही थोरल्याविषयी बोललो. माउली प्रथम गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला काही म्हणायची भीती वाटते. नोकरी गेली तर?" ही भीती खोटी नाही. घरावरचे कर्ज, धाकट्याचे शिक्षण, सारे त्या पगारावर आहे, हे आम्हांसही ठाऊक आहे. नोकरी सोडण्याचा सल्ला देणे आमच्यासारख्यास सोपे. महिनाअखेर आमच्या दारी येत नाही. म्हणून आम्ही एवढेच सुचविले की, त्यास उपदेश करू नका, फक्त विचारा: आज जेवलास काय? किती झोपलास? आणि हे काम कोणत्या तारखेस संपणार, हे कोणी तुला सांगितले आहे काय? ज्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत कोणी विचारीत नाही, तो प्रश्न घरातून तरी आला पाहिजे.

शिष्य गालील सरोवरावर होते ती रात्र आपणांस आठवत असेल. वारा समोरचा होता, आणि पहाटेच्या प्रहरापर्यंत ते वल्ही मारून थकले होते. पाण्यावरून कोणी येताना दिसले, तेव्हा ते भूत भूत म्हणून ओरडले. तो प्रभू होता. थकलेल्या माणसास भूत चटकन दिसते. तारणारा ओळखू येण्यास वेळ लागतो. पण प्रभूने त्यांच्या भीतीबद्दल त्यांस आधी बोल लावला नाही. आधी त्याने आपला आवाज ऐकविला. मग तो नावेत चढला आणि वारा पडला.

परवा त्या माउली पुन्हा भेटल्या. धाकटा झोपू लागला आहे. थोरल्यास त्यांनी रात्री सव्वा वाजता फोन केला. तो दचकून म्हणाला, "आई, तू एवढ्या रात्री जागी का?" त्या म्हणाल्या, "तू जागा आहेस म्हणून." पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "ह्या रविवारी मी सुट्टी मागून पाहतो."

मिळाली की नाही, हे लेख लिहीपर्यंत आम्हांस कळलेले नाही. आमच्या वाचक-कुटुंबांपैकी ज्यांचे लेक शहरांतून असे रात्रीचे वल्हवीत आहेत, त्यांनी आज सायंकाळच्या जपमाळेत एक रहस्य त्यांच्यासाठी म्हणावे, आणि मग फोन उचलावा.